न उघडता पाहणं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधल्या काळात अमरावतीहून अकोल्याला चार-पाच चकरा झाल्या. कशासाठी, ते नातेवाइकांना ठाऊक आहेच. बाकीच्यांना पुढे कळेल. आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. संगणकातली फाइल न उघडता तिच्या आत काय आहे ते झटकन कसं पाहायचं, हा तो विषय. नात म्हणाली, "आजी, आता यावरपण लेख?" म्हटलं, हो, यावरपण. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, विषय कोरडा असला म्हणून काही सोडून देता येत नव्हता!

खरं तर न उघडता पाहणं आपल्याला नवं नाही. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, पोस्टमनने हातात दिलेल्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असला की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. कोणीतरी गेलं, एवढं त्या कोपऱ्यावरून कळायचं. कोण गेलं ते मग वाचायचं. लग्नपत्रिकेच्या पाकिटाला हळदकुंकू लावलेलं असायचं, म्हणजे बातमी शुभ. पाकीट नंतर फोडलं तरी चालायचं. स्वयंपाकघरात तर आपण रोजच हे करतो. शितावरून भाताची परीक्षा. एक शीत बोटांत दाबलं की पातेल्याचा हिशेब लागतो.

आमच्या वऱ्हाडात आणखी एक उदाहरण आहे, ते कापसाचं. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, त्यानंतरची कित्येक वर्षं आमच्याकडे दिवाळीनंतर खरेदी केंद्रांवर बंड्यांच्या रांगाच रांगा लागायच्या. ग्रेडर यायचा, बंडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचा आणि प्रत ठरवायचा. अख्खी बंडी रिकामी करून कोण पाहणार? पण मुरलेला ग्रेडर वरचाच कापूस पाहून थांबत नसे. तो कोपरापर्यंत हात आत घालायचा, कारण वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली ओलसर किंवा कवडी, असाही प्रकार चालायचा. वरवर पाहणं आणि हात घालून पाहणं यातला फरक आमच्या बाबांनी आम्हा भावंडांना त्या बंडीजवळ उभं राहून शिकवला होता. त्याचा उपयोग मला या वयात, संगणकासमोर बसून होईल असं वाटलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

मागच्या वर्षी श्रावणात माझा धाकटा भाऊ गेला. अकोल्याला राहायचा. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागला आणि तिथूनच चढत चढत निवृत्त झाला. नोकरीआधी मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा त्याने दिली होती, तेव्हा घरी जेवणाच्या पाटावरसुद्धा बोटं नाचवायचा. निवृत्तीनंतर रोज रात्री जेवण झालं की संगणकापुढे बसून काहीतरी टाइप करायचा. काय करतोस रे, असं विचारलं की म्हणायचा, "होऊ दे थोडं, मंग दाखवतो." ते काही झालं नाही.

त्याच्या मागे राहिला एक जुना डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप. डेस्कटॉप बिघडायला लागला तेव्हा त्याच्यातलं सगळं त्याने लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. पुतण्याच्या मुलीचं कॉलेज सुरू होणार होतं, तेव्हा लॅपटॉप साफ करून तिला द्यायचा असं घरात ठरलं. त्यात गैर काहीच नाही. पण साफ करण्याआधी पाहायला नको का? पुतण्याने मोजलं तर ३,६०० च्या आसपास फाइली निघाल्या. नावं कशी, तर ‘न्यू’, ‘न्यू १’, ‘ए ए’, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’! ही कचेरीतली जुनी सवय. डॉसच्या काळात फाइलीच्या नावाला आठच अक्षरं मिळत, १९९५ च्या विंडोजपासून लांब नावं देता यायला लागली, पण हात मात्र आठ अक्षरांतच राहिला.

पुतण्याने दहा-बारा फाइली डबल क्लिक करून उघडल्या. वर्ड सुरू व्हायला वेळ, फाइल उघडायला वेळ, आणि उघडल्यावर आत काय, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कुठलाच शब्द लागेना. त्याने मला फोन केला, "आत्या, बाबांच्या फाइली सगळ्या करप्ट झाल्या आहेत हो. फोटो तेवढे काढून घेतो आणि बाकी उडवतो."

म्हटलं, "उडवू नको. मी येते."

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोहोचले. गाडीत एक साधा हिशेब केला. एक फाइल उघडणं, पाहणं, बंद करणं याला अर्धा मिनिट धरलं तर ३,६०० फाइलींना तीस तास लागतात. तीस तास त्या पोराजवळ नाहीत, आणि माझ्या डोळ्यांजवळही नाहीत. तेच तीन-तीन सेकंदांत पाहता आलं तर तीन तासांत काम उरकतं. अमरावतीला माझ्या संगणकावर मी ब्लॉगचे जुने लेख शोधते ते असंच, तेव्हा युक्ती माहीत होती.

युक्ती अगदी सोपी आहे. विंडोजमध्ये फोल्डर उघडायचं. ‘ऑल्ट’ची कळ दाबून धरायची आणि ‘पी’ दाबायचा. खिडकीच्या उजव्या बाजूला एक रिकामा कप्पा उघडतो, त्याला प्रिव्ह्यू पेन म्हणतात. आता डावीकडे फाइलीच्या नावावर एकदाच क्लिक केलं की फाइल न उघडता तिचं पहिलं पान उजवीकडे दिसतं. मग माउसला हातही लावायला नको, खालच्या बाणाची कळ दाबत जायचं आणि एकेक फाइल डोळ्यांपुढून सरकत जाते. फोटो असतील तर आणखी सोपं. ‘कंट्रोल’ दाबून माउसचं चाक पुढे फिरवलं की चित्रं मोठी होत जातात, आल्बम पाहिल्यासारखं. चित्रं, साधा मजकूर आणि पीडीएफ बहुधा दिसतात. वर्ड-एक्सेलच्या फाइली दिसायला मात्र ती कार्यालयीन आज्ञावली संगणकावर असावी लागते.

या पद्धतीचा मला आवडणारा आणखी एक फायदा आहे. फाइल जशी आहे तशीच राहते. जुनी फाइल वर्डमध्ये उघडली की बंद करताना बरेचदा तो विचारतो, बदल जतन करू का? आपण सवयीने ‘हो’ म्हणतो आणि फाइलीवर आजची तारीख पडते. नुसतं पाहिल्याने ती पडत नाही. गेलेल्या माणसाच्या कागदांत तारखेला मोल असतं. पुढे ते कळलंच.

तर पुतण्याला शेजारी बसवून मी ‘ऑल्ट-पी’ केलं. पहिली फाइल खिचडी, दुसरी खिचडी, तिसरी खिचडी. पुतण्या म्हणाला, "पाहा, मी म्हणालो होतो ना!"

पण पंचवीस-तीस फाइली एकामागून एक डोळ्यांपुढून गेल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ती एकेक उघडून पाहिली असती तर लक्षात आली नसती. खिचडी जर खरंच बिघाडाची असती, तर ती कशीही असती. इथे एकच चार अक्षरांचा घोळका सारखा येत होता: व्ही, के, जी, एस. आणि तो बरेचदा वाक्याच्या शेवटीच येत होता, त्याच्यापुढे पूर्णविरामाच्या जागी एक आडवी रेघ. दुसरा घोळका होता: यू, के, जी, एच. तोही शेवटीच. दोन्हींच्या मध्ये ‘के जी’ सारखंच.

आता सांगा, मराठी वाक्याच्या शेवटी सगळ्यांत जास्त कोण बसतं? ‘आहे’. आणि त्याचा भाऊ ‘नाही’. दोघांच्या पोटात काय सारखं आहे? काना आणि ‘ह’! पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत जे दोन शब्द सर्वांत जास्त पाहिले ते मला ओळखू येणार नाहीत होय? मी पुतण्याला म्हटलं, "हे करप्ट नाही रे बाबा. हे मराठी आहे. याचे कपडे तेवढे कुणी काढून नेले आहेत."

याचं कारण थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशा फाइली असतील. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला त्यात स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट कोणताही असो, ‘म’ हा ‘म’च राहतो. पण त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे फॉन्ट आपल्याकडे चालले. त्यांच्यातल्या कृतिदेवसारख्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त त्याच्यावर मराठीचं चित्र चढवलेलं असायचं. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं टाइप केलं आणि तो फॉन्ट काढून घेतला, तर खाली उरतात पाच इंग्रजी अक्षरं: लहान ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट हा फाइलीत नसतो, तो संगणकाच्या ‘फॉन्ट्स’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. भावाने फाइली डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर आणल्या, फॉन्ट मात्र मागेच राहिला. नंतर आजारपणात त्याने लॅपटॉप फारसा उघडलाच नाही.

मला तेव्हा रिद्धपूर आठवलं. आमच्या अमरावती जिल्ह्यातलं मोर्शी तालुक्यातलं हे गाव. श्रीगोविंदप्रभूंचं गाव, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र सिद्ध केलं ते गाव. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. पुढच्या काळात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. ज्याच्याजवळ किल्ली त्यालाच मराठी दिसणार, बाकीच्यांना नुसती चिन्हं. शेकडो वर्षं पोथ्या समोर होत्या पण बाहेरच्याला वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती किल्ली शोधली आणि मराठीचं केवढं तरी धन उजेडात आलं. महानुभावांनी ते मुद्दाम केलं होतं, आमच्या घरी ते आपोआप झालं. पण ज्याला किल्ली माहीत नाही त्याने ‘हे बिघडलेलं आहे’ म्हणून जर त्या पोथ्या टाकून दिल्या असत्या तर? नुसतं पाहणं पुरत नाही, पाहिलेलं ओळखूही यावं लागतं.

असो. जुना डेस्कटॉप माळ्यावर होता. पुतण्याने तो खाली काढला, धूळ झटकली, दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा चालू झाला. ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून कृतिदेव पेन ड्राइव्हवर घेतला, लॅपटॉपवर त्या फॉन्टच्या फाइलीवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ दाबलं. मग फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं आणि पहिल्याच फाइलीवर क्लिक केलं.

उजव्या कप्प्यात अक्षरं उमटली. ‘डवरा’. खाली अर्थ, खाली तो शब्द कोणत्या गावात कोणाकडून ऐकला ते, आणि खाली एक वाक्य. बाण दाबला. ‘तिफन’. बाण दाबला. ‘पऱ्हाटी’. मग ‘धांडा’, ‘उलसक’, ‘काहून’...

माझा भाऊ वीस वर्षं वऱ्हाडी शब्द गोळा करत होता. बाजाराच्या दिवशी, एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर जिथे शब्द कानावर पडेल तिथे तो खिशातल्या चिठ्ठीवर टिपायचा आणि रात्री टाइप करायचा. भावजय शेजारी उभी होती. ती म्हणाली, "ताई, म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या राहत! मी धुताना किती ओरडायची." आणि रडायला लागली. पुतण्या काही बोलला नाही, फक्त कळ दाबत राहिला.

त्यानंतर कामाची पद्धत ठरवली. तीन फोल्डर केले: ‘शब्द’, ‘घरचे कागद’ आणि ‘विचारून’. पुतण्या बाण दाबणार, मी पाहून सांगणार, तो फाइल त्या-त्या फोल्डरमध्ये टाकणार. कधी कधी फाइल हलवताना संगणक कुरकुरायचा, ‘ही फाइल वापरात आहे’ म्हणून. वापरात कोण, तर आपलाच पाहण्याचा कप्पा! तेव्हा ‘ऑल्ट-पी’ने कप्पा बंद करायचा, फाइल हलवायची, पुन्हा कप्पा उघडायचा.

बाबांची कापसाची बंडीही इथे कामी आली. ‘फायनल २’च्या पहिल्या पानावर बँकेतल्या ठेवींची यादी होती. पुतण्या ती ‘घरचे कागद’मध्ये टाकायला निघाला. मी म्हटलं, थांब, हात खाली घाल. त्या कप्प्यातही माउसचं चाक फिरवून पुढची पानं पाहता येतात. चौथ्या पानापासून म्हणी सुरू झाल्या, त्या पार बाविसाव्या पानापर्यंत. नवी फाइल काढायचा कंटाळा, म्हणून जी उघडी असेल तिच्यातच पुढे लिहीत गेला असणार. त्यानंतर आम्ही प्रत्येक लांब फाइलीचा तळ पाहिल्याशिवाय निकाल दिला नाही.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. या कप्प्याला बोलता येत नाही. बाण दाबला की पुढची फाइल तो आपल्यापुढे आणून ठेवतो, विचारत नाही. कागदी पाकीट असतं तर फोडायच्या आधी हात थांबतो, नाव वाचतो. इथे थांबायला जागाच नाही. असाच बाण दाबता दाबता एक पत्र समोर आलं. वर भावजयीचं नाव, त्या नावाने तिला तो एकटाच हाक मारायचा. मी ‘ऑल्ट-पी’ केलं, कप्पा मिटला. पुतण्यालाही म्हटलं, पुढे जाऊ नको. ती फाइल ‘विचारून’मध्ये गेली. अशा एकूण नऊ निघाल्या. त्या मी किंवा पुतण्याने पाहिलेल्या नाहीत. भावजयीला कप्पा कसा उघडायचा ते शिकवलं, आणि आम्ही दोघं चहा करायला आत गेलो. तिने काय वाचलं ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. फाइल ‘उघडली नाही’ म्हणून आपण ती पाहिली नाही असं होत नाही. एका नजरेत हे कोणाचं आहे एवढं कळलं, की पुढचं ज्याचं त्याच्या हातात द्यावं. एवढ्यासाठीच नजर टाकायची असते.

मघाशी तारखेचं म्हटलं होतं. संगणकात फाइलींची नक्कल केली की ‘निर्मिती’ची तारीख नवी पडते, पण ‘शेवटचा बदल’ ही तारीख जुनीच राहते. त्या तारखेच्या क्रमाने शब्दांच्या फाइली लावल्या आणि भावाची वीस वर्षं ओळीने समोर आली. मुलीच्या लग्नाच्या वर्षी जवळजवळ काहीच नाही. निवृत्तीच्या वर्षी एकदम शंभरावर. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल-मेमध्ये रोज एक फाइल, एकही दिवस खाडा नाही. आम्ही फोनवर ‘कंटाळा आला, कंटाळा आला’ करत होतो तेव्हा हा गृहस्थ लहानपणीचे शब्द आठवून लिहीत होता. शेवटची फाइल दवाखान्यात भरती होण्याच्या महिनाभर आधीची. तिच्यात चारच शब्द आहेत. पुतण्याने पहिल्या दिवशी त्या दहा-बारा फाइली उघडल्या तेव्हा ‘जतन करू का’ला नाही म्हटलं होतं, नाहीतर त्या सगळ्यांवर एकच तारीख पडली असती. शाब्बास म्हटलं त्याला.

सगळं मिळून काम दोन दुपारींत झालं. माझा तीन तासांचा अंदाज साफ कोलमडला, कारण मध्येच कोणीतरी एखादा शब्द मोठ्याने वाचायचं आणि मग त्यावरून आजीच्या, मामाच्या, वावरातल्या गोष्टी निघायच्या. तरी तीस तासांपेक्षा बरंच!

आता ज्यांना घरी हे करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती.

मॅक वापरणाऱ्यांना तर काहीच करावं लागत नाही. २००७ साली आलेल्या लेपर्ड आवृत्तीपासून त्यात ‘क्विक लुक’ आहे. फाइल निवडायची आणि स्पेसबार दाबायचा. पुन्हा दाबला की मिटतं. विंडोजमध्ये असं मोठं चित्र हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच ‘पॉवरटॉइज’ या फुकट मिळणाऱ्या संचात ‘पीक’ नावाची सोय आहे, ‘कंट्रोल’ आणि स्पेस दाबून चालते. आणि कुणी म्हणेल की ही नवी थेरं आहेत, तर त्यांना सांगते, १९८६ च्या नॉर्टन कमांडरमध्येसुद्धा ‘एफ ३’ दाबून फाइल नुसती पाहता यायची. भाऊ कचेरीत तेच वापरायचा.

सावधगिरी मात्र हवी. नुसतं पाहायचं म्हटलं तरी संगणकाला फाइल आतून वाचावीच लागते. १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ नावाचा एक किडा आला होता, तो आउटलुक एक्स्प्रेसच्या कप्प्यात ई-मेल नुसती दिसली तरी कामाला लागायचा. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या सुरक्षा-सुधारणांनंतर विंडोजने इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइली या कप्प्यात दाखवणं बंद केलं आहे, कारण अशा फाइलीतून आपल्या पासवर्डची सांकेतिक खूण बाहेर जाऊ शकते. त्यामुळे मेलवरून आलेली फाइल कप्प्यात दिसली नाही तर घाबरू नका, तुमचं काही बिघडलेलं नाही. पाठवणारा खात्रीचा असेल तर त्या फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा. खात्री नसेल तर तशीच राहू द्या.

आणि जुन्या मराठी फाइलींबद्दल: खिचडी दिसली की उडवू नका. आधी जुन्या संगणकातला फॉन्ट शोधा. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याचं ‘फॉन्ट्स’ फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, जागा फारशी लागत नाही. मग त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफाराचंही तसंच उलटसुलट. त्यामुळे बदलताना ‘वि’चं भलतंच होऊन बसतं. मूळ फाइल शेजारच्या कप्प्यात उघडी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. आमच्या ३,६०० पैकी ८७० फाइली ‘शब्द’मध्ये आहेत, आणि सध्या माझं ते काम चालू आहे. रोज दहा. त्या फाइली मात्र मी नीट उघडून, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. झलक निवडण्यापुरती ठीक, भाऊ काही तीन सेकंदांत वाचून होत नाही.

लॅपटॉप नातीला मिळाला. शब्दांची एक प्रत पुतण्याकडे, एक माझ्याकडे, आणि एक तिच्याच लॅपटॉपवर, तिनेच ‘राहू द्या’ म्हटलं म्हणून. परवा तिचा फोन आला, "मोठी आजी, ‘धुरा’ म्हणजे काय हो?" मी म्हटलं, दोन वावरांमधला बांध. आजोबांची फाइल पाहा, वाक्य दिलं आहे. तिने पाहिलं आणि वाचून दाखवलं, पुण्याच्या उच्चारात, अडखळत: "धुऱ्याचं भांडन नातवापर्यंत जाते."

मंडळी, तुमच्या घरी अशा न उघडलेल्या फाइली असतील तर आज एकदा नजर टाका, आणि काही सापडलं तर मला जरूर कळवा. वऱ्हाडी शब्द असेल तर तोही पाठवा. कोणत्या गावचा, कोणाकडून ऐकला, ते लिहायला विसरू नका. भावाने प्रत्येक शब्दाखाली तसं लिहिलं आहे, तेव्हा यापुढेही तसंच चालू ठेवायचं आहे.